कुत्र्या-मांजरांसाठी ऑनलाइन सल्ला: मेडिकलच्या काउंटरवरून केलेली पारख

वाईत माझं मेडिकल आहे. विकते ती माणसांची औषधं, पण कुत्र्या-मांजरांची चौकशी सारखी होते. जनावरांचे डॉक्टर आमच्या भागात आहेत, पण ते बहुतेक वेळ गाई-म्हशींसाठी गावोगाव फिरतीवर असतात. मग माणूस मोबाईलवर शोधतो आणि सापडलं की माझ्यापुढे स्क्रीन धरतो. “ताई, हे बघा, इथं लिहिलंय. अर्धीच गोळी लागणार आहे, पण पट्टी अख्खी द्या.”

त्या स्क्रीनवर काय काय असतं ते मी बरीच वर्षं वाचत आलेय. घरी एक बोका आणि एक कुत्री आहे, त्यामुळे स्वतःसाठीही शोधावं लागतं. कोणत्या ठिकाणी विश्वासाने जावं आणि कुठून पाय मागे घ्यावा, हे एकदा सविस्तर लिहायचं होतं. माझी परीक्षा घ्यायची रीत सरळ आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर मला पक्कं माहीत आहे, तोच प्रश्न प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायचा. तिथे जो चुकला, त्याचं बाकीचं मी वाचत नाही.

माझा प्रश्न असतो: मांजराला ताप आहे, पॅरासिटामॉल देऊ का?

उत्तर आहे, अजिबात नाही. अर्धी नाही, पाव नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. माणसाचं यकृत पॅरासिटामॉलचा निचरा ज्या मुख्य मार्गाने करतं, तो मार्ग मांजराच्या यकृतात फारच तोकडा आहे. मग औषधातून तयार होणारा विषारी घटक साठत जातो, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. हिरड्या गुलाबीच्या तपकिरी किंवा निळसर दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोग. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

या प्रश्नावर व्हिडिओंची काय गत आहे ते सांगते. हिंदीतला, भरपूर लोकांनी पाहिलेला एक व्हिडिओ गिऱ्हाइकाने मला दाखवला होता. त्यात कुत्र्याच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचा डोस सांगितला होता आणि शेवटी जाता जाता ‘मांजरालाही चालेल, थोडं कमी द्या’ असं एक वाक्य होतं. बोलणारा कोण, त्याचं शिक्षण काय, याचा पत्ता नाही. त्या एका वाक्यावर किती घरांतली मांजरं गेली असतील, या विचाराने माझा जीव आजही खालवर होतो. तेव्हापासून माझ्या दुकानात ‘मांजरासाठी’ म्हटलं की पॅरासिटामॉलची पट्टी काउंटरवर येत नाही.

आणि मुळात तो ताप असतो का? “अंग गरम लागतंय, नाक कोरडं पडलंय” एवढ्यावर लोक गोळी मागायला येतात. कुत्र्या-मांजरांचं निरोगी तापमानच साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते गरम लागणारच. नाकावरून ताप कळत नाही.

आता जिथे हा प्रश्न नीट सुटतो ती ठिकाणं.

पहिला नंबर मी एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअलला देते. अमेरिकेत आणि कॅनडात हेच मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल या नावाने चालतं. 1955 साली पुस्तकरूपात पहिल्यांदा निघालं आणि आज वेबसाइटवर पूर्ण फुकट वाचता येतं. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक डॉक्टरांसाठी आणि एक जनावर पाळणाऱ्यांसाठी. प्रत्येक प्रकरणाखाली लिहिणाऱ्या पशुवैद्याचं नाव असतं आणि मजकूर केव्हा तपासला ती तारीख असते. औषध दुकानात एक्सपायरी बघितल्याशिवाय आम्ही डबी हातात देत नाही, त्यामुळे ती तारीख मला फार महत्त्वाची वाटते. माणसांची वेदनाशामकं जनावरांच्या पोटात गेली तर काय होतं, यावर तिथे वेगळं प्रकरण आहे. पॅरासिटामॉल तिथे ‘ॲसिटामिनोफेन’ या अमेरिकी नावाखाली सापडेल. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण कसे होतात आणि मूत्रपिंडं कशी जातात, तेही तिथे आहे. आपल्याकडे अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांमध्ये ही दोन औषधं एकत्र असतात, त्यामुळे ते प्रकरण वाचाच.

एक इशारा मात्र आहे. डॉक्टरांच्या आवृत्तीत डोसचे तक्ते आहेत आणि लोक नेमका त्यांचाच स्क्रीनशॉट घेऊन येतात. तो तक्ता निदान झाल्यानंतरचा आहे. निदान करणाऱ्याच्या हातात तो असावा, आपण पाळणाऱ्यांची आवृत्ती वाचावी.

दुसरं ठिकाण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मांजर आरोग्य केंद्र. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आमचा पिंट्या आज जिवंत आहे त्यात त्या एका पानाचा मोठा वाटा आहे.

पिंट्या सारखा ट्रेमध्ये जाऊन बसत होता. पाय रोवून जोर करायचा, काहीच व्हायचं नाही, मग बाहेर येऊन मागची बाजू चाटत राहायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझ्या सासूबाईंना वाटलं पोट साफ होत नाहीये. मांजरप्रेमींच्या एका ग्रुपवर विचारलं तर पाच-दहा मिनिटांत सल्ल्यांचा पाऊस पडला: इसबगोल द्या, एरंडेल द्या, भोपळा उकडून द्या. सगळे मनापासून सांगत होते, यात शंका नाही. पण ‘लघवी शेवटची कधी झाली?’ हे एकानेही विचारलं नाही.

कॉर्नेलच्या पानावर पहिल्यांदा तोच मुद्दा दिसला. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असतो. त्यात खडा किंवा चिकट गोळा अडकला की लघवी तुंबते, आणि जनावर जोर करताना बद्धकोष्ठासारखंच दिसतं. लघवी पूर्ण अडलेली असेल तर तासाभराचीही चालढकल करू नये, कारण मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. हे सगळं एक-दोन दिवसांत होऊ शकतं. मी पिंट्याच्या पोटाखाली हात घातला. मागच्या पायांच्या पुढे, लिंबाएवढी टणक गोटी हाताला लागली आणि तो कळवळून ओरडला. ट्रेमधली माती पूर्ण कोरडी होती. दुकान नवऱ्यावर सोपवून मी तसंच रिक्षात घालून त्याला साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, लालभडक लघवी निघाली, दोन दिवस सलाईनवर ठेवलं. आता ओलं खाणं आणि घरभर पाण्याची भांडी, असं त्याचं चाललंय.

माझ्या मते चांगल्या पानाची खूण इथेच दिसते. ते पान तुम्हाला घरचा उपाय देत बसत नाही. समोरच्या जनावराचं नेमकं काय बघायचं ते सांगतं आणि दवाखान्यात आत्ता जायचं, सकाळी जायचं की घरी लक्ष ठेवायचं, हे स्पष्ट करतं. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. गाढ झोपेत असताना मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास मोजले तर डॉक्टरांना कळवायला हवं. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर चरबी यकृतात साठून तो स्वतंत्र आजार होतो, विशेषतः जाड मांजरात. अशा गोष्टी घरचा माणूसच बघू शकतो, आणि डॉक्टरांना फोनवर त्याच हव्या असतात.

तिसरं, व्हेटर्नरी पार्टनर. व्हीआयएन नावाचं पशुवैद्यांचं मोठं जाळं आहे, त्यांनी पाळणाऱ्यांसाठी चालवलेली ही साइट आहे. दिसायला जुनाट, चित्रं कमी, पण मजकूर पक्का आणि लेखाखाली तारीख. निदान झाल्यानंतर वाचायला याच्याइतकं चांगलं काही मला सापडलेलं नाही. आमच्या राणीला गोचीडताप झाला होता तेव्हा प्लेटलेट का उतरतात, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक तीन-चार आठवडे का द्यायचं, कुत्रं दोन दिवसांत उड्या मारायला लागलं तरी कोर्स का तोडायचा नाही, हे मला तिथे नीट समजलं. डॉक्टरांकडे रांग असते, त्यांना एवढं समजावायला वेळ मिळत नाही. हीच गोळी मांजराला देत असाल तर कोरडी देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकून तिथे भाजल्यासारखी जखम करते. गोळीमागोमाग थोडं पाणी किंवा पातळ खाणं गेलंच पाहिजे. गोळी कशी भरवायची ते बघायचं असेल तर ब्रिटनच्या इंटरनॅशनल कॅट केअर या संस्थेचं साहित्य चांगलं आहे, आणि त्यात मांजराला दाबून धरणं नाही.

विषबाधेसाठी एएसपीसीए या अमेरिकी संस्थेची झाडांची यादी वापरते. त्यांचा विषबाधेचा फोन अमेरिकेतल्या लोकांसाठी आहे, आपल्याला त्याचा काही उपयोग नाही. पण यादीत झाडाचं शास्त्रीय नाव, ते कुत्र्याला विषारी की मांजराला, आणि लक्षणं काय, हे सगळं मिळतं. शास्त्रीय नाव लागतंच, कारण नर्सरीवाला सगळ्यालाच लिली म्हणतो. पीस लिली चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण सहसा जीव जात नाही. खरी लिली आणि डे लिली मांजराची मूत्रपिंडं संपवतात. अंगावर पडलेला पराग चाटला तरी पुरे होतं. बंगल्यांच्या फाटकाशी हौसेने लावतात तो सायकस कुत्र्याच्या यकृताचा घात करतो, त्यातही बिया सगळ्यात वाईट. आमच्या गल्लीतच तो तीन घरांपुढे आहे आणि तिन्ही घरांत कुत्री आहेत. मी तिन्हीकडे जाऊन सांगून आले.

या याद्यांमध्ये आपलं स्वयंपाकघर मात्र नीट उतरत नाही. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला वाईट, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण प्रसादाच्या शिऱ्यात आणि लाडवात बेदाणे असतात हे कुत्र्याला घास भरवताना आठवत नाही. द्राक्षांत नेमकं काय बाधतं हे बरीच वर्षं कोडं होतं. घरी मळलेल्या खेळण्याच्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर होतं, ती कणीक खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं तशाच प्रकारे बिघडली आणि तिथून धागा सापडला. 2021 मध्ये एएसपीसीएच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेली कुत्रीही नोंदली गेली आहेत. आपल्या आमटीत चिंच, फोडणीत लसूण, वाटणात कांदा. कांदा-लसणाने लाल पेशी फुटून रक्त कमी होतं, मांजरात तर लवकरच. उरलेली आमटी-भात कुत्र्यापुढे ठेवण्याची आपल्या घरांत रीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

अमेरिकी-युरोपी साइट वाचताना देश बघावा लागतो. मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत मांजरांना ते वारंवार देण्याविरुद्ध औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला कडक इशारा आहे, मूत्रपिंडं निकामी होऊन मांजरं दगावल्याबद्दलचा. युरोपात मात्र हेच औषध अगदी कमी मात्रेत, रोज, सांधेदुखीच्या मांजरांसाठी मान्य आहे. दोन्ही पानं जबाबदार माणसांनीच लिहिलेली आहेत. अशा वेळी निर्णय आपल्या मांजराची रक्ततपासणी बघितलेल्या डॉक्टरांचा. गोचिडांचंही तसंच. थंड देशांतली पानं ‘गोचिडांचा हंगाम’ म्हणतात, आणि आपल्याकडे ते बाराही महिने भिंतीच्या फटीत असतात. रेबीजबद्दल तर परदेशी पानावर विसंबूच नका. भटक्या कुत्र्याने चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. पाळीव प्राण्यांच्या लसींसाठी डब्ल्यूएसएव्हीए या जागतिक पशुवैद्य संघटनेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती सगळ्या देशांचा विचार करून लिहिलेली आहेत आणि फुकट मिळतात.

गोचिडांवरून आणखी एक. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून म्हशीसाठी आणलेली गोचिडाची बाटली, तीच पाण्यात कालवून मांजराला आंघोळ घालायची, असा सल्ला मी स्क्रीनवर वाचलेला आहे. त्यातली परमेथ्रिनच्या जातीची औषधं मांजराला थरथर आणि झटके आणतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंबही मांजराला चालतीलच असं नाही. पाकिटावर मांजराचं चित्र आणि नाव नसेल तर परत ठेवा.

व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलायची ॲप्स मी वापरली आहेत, एकापेक्षा जास्त. त्वचेची खाज, खाण्याच्या सवयी, टाके कसे दिसतायत, घाबरट कुत्रं, यासाठी ती खरोखर उपयोगी आहेत. एका डॉक्टर मॅडमनी माझ्याकडून आधी वजन, वय, नसबंदी झाली का, शेवटचं जेवण, शेवटची लघवी हे सगळं विचारून घेतलं, मग राणीच्या छातीवर फोन धरायला लावून श्वास मोजले, आणि म्हणाल्या, “हे फोनवर होणार नाही, आज संध्याकाळपर्यंत दाखवा.” त्या पैशांचं मला समाधान आहे. दुसऱ्या एका ॲपवर वजनसुद्धा न विचारता त्यांच्याच दुकानातल्या टॉनिकची लिंक आली. त्या सल्ल्याला मी शून्य गुण देते. ज्याचा सल्ला आणि ज्याची विक्री एकाच पडद्यावर आहे, त्याला वजनाआधी किंमत सुचत असेल तर उठून यावं. मी स्वतः औषधं विकते, म्हणून हे ठणकावून सांगते.

बोलणारा डॉक्टर आहे का हे तपासणं अवघड नाही. पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. असते आणि 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार राज्याच्या परिषदेत नोंदणी लागते. महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला डॉक्टर रागावत नाही. ‘पेट एक्स्पर्ट’, ‘न्यूट्रिशन कोच’ या पाट्यांना नोंदणी नसते.

व्हॉट्सॲप ग्रुप सोडा असं मी म्हणणार नाही. रक्तदाता कुत्रा हवा असतो तेव्हा, रात्री कुठला दवाखाना उघडा आहे हे विचारायला, हरवलेलं मांजर शोधायला, ग्रुपसारखं काही नाही. औषध विचारायला मात्र तिथे जाऊ नका. पपईच्या पानांचा रस पाजून गोचीडताप बरा झाल्याच्या कहाण्या तिथेच फिरतात, आणि डॉक्सिसायक्लिन सुरू व्हायचे दिवस त्यात निघून जातात. चॅटबॉटला विचारणारेही आता येतात. उत्तर सफाईदार असतं, पण ते कुणी लिहिलं आणि केव्हा तपासलं हे खाली नसतं. त्यातला मुद्दा वरच्या साइटवर सापडला तरच मी धरते.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मराठीबद्दल आहे. गाय, म्हैस, शेळी यांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. ‘ॲग्रोवन’ 2005 पासून निघतो, त्यात पशुवैद्य सोप्या भाषेत लिहितात. 1962 या टोल फ्री क्रमांकावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मागवता येतो. म्हशीला दगडी झाली तर कासेला कशी लक्षणं दिसतात हे शेतकऱ्याला मराठीत वाचायला मिळतं. बोक्याची लघवी तुंबली तर मराठीत वाचण्याजोगं एक भरवशाचं पान मला सापडत नाही. जे सापडतं ते भाषांतर यंत्रातून काढलेलं, डॉक्टरांच्या नावाशिवायचं. नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ आहे, मुंबईचं 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आमच्या जवळ शिरवळचं आहे. शिकवणारी माणसं मराठी बोलणारी आहेत. कुत्र्या-मांजरांच्या वीस नेहमीच्या आजारांवर प्रत्येकी एक पान, खाली नाव आणि तारीख, एवढं त्यांनी मराठीत दिलं तर माझ्यासारख्या शेकडो काउंटरवर ते लागेल.

तोवर मी साताऱ्याच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलेला एक कागद दुकानात लावला आहे. मांजराला पॅरासिटामॉल नाही. कुत्र्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. बोका जोर करतोय आणि ट्रे कोरडा आहे तर लगेच दवाखाना. म्हशीचं औषध मांजराला नाही. फोन करण्याआधी वजन, हिरड्यांचा रंग, श्वास आणि शेवटची लघवी लिहून ठेवा. लोक त्याचा फोटो काढून नेतात. पावसाळ्याआधी गोचीडतापाचा दुसरा कागद लावायचा आहे, त्याचा मजकूर डॉक्टरांकडे वाचायला दिलाय.